हमी भागाची की वेष्टनाची?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून पुढे महाळुंगे-खराबवाडीच्या बाजूस, यंत्रांच्या धडधडीने पत्रे थरथरत असलेल्या एखाद्या लहानशा शेडमध्ये जो कोणी दुपारच्या पाळीला क्षणभर उभा राहिला असेल, त्याला मोटारीच्या सुट्या भागांविषयीचे एक सत्य कायदेपंडिताच्या मदतीवाचून कळून चुकते; ते असे की, ज्या कंपनीचे चिन्ह मोटारीच्या अग्रभागी झळकते तिच्या कारखान्यात त्या मोटारीचे बहुसंख्य भाग घडत नाहीत, केवळ जुळतात. रबरी बुश, गॅस्केट, ब्रेकचे पॅड, फिल्टर, तारांचे जुडगे, आरशांच्या चौकटी हा सारा संभार 'व्हेंडर' या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानथोर कारखानदारांकडून टेम्पोत भरून येतो. तोच भाग कंपनीच्या होलोग्राम लावलेल्या खोक्यात शिरला की 'जेन्युइन' ठरतो, आणि घडविणाऱ्याने स्वतःच्या साध्या खोक्यात घालून नाना पेठेतील दुकानदाराकडे धाडला की त्याचे कुळगोत्रच बदलते. गिऱ्हाइकाच्या तोंडी तो 'लोकल' होतो, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तर 'डुप्लिकेट' ही शेलकी पदवी त्याला मिळते.

आता हेही मान्य केले पाहिजे की बाजारात मिळणारा प्रत्येक भाग असा कुलीन असत नाही. मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला माल हा एक प्रकार. दुसऱ्या एखाद्या प्रामाणिक उत्पादकाने त्याच मापाचा व तोलाचा बनविलेला पर्यायी माल हा दुसरा. आणि कंपनीच्या खोक्याची व शिक्क्याची हुबेहूब नक्कल करून गळ्यात मारलेला बनावट माल हा तिसरा, जो व्यापारचिन्हाच्या कायद्याने सरळसरळ गुन्ह्यात मोडतो. लोकांच्या बोलण्यात या तिन्हींची सरमिसळ होते, आणि ही सरमिसळ ज्यांच्या सोयीची आहे ते ती दूर करण्याची घाई करीत नाहीत.

माझ्या स्वतःच्या गाडीचीच हकीकत सांगतो. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर हमीच्या मुदतीतच मान टाकून बसला, म्हणून गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तेथील तरुण सर्व्हिस अॅडव्हायझरने बॉनेट उघडून आत एकदा नजर फिरविली आणि बाहेरून बसविलेल्या हॉर्नकडे बोट दाखविले. "काका, बाहेरचं काम केलंय ना? मग वॉरंटी गेली." हॉर्नचा आणि कॉम्प्रेसरचा संबंध काय, असे विचारता तो काहीसा ओशाळून म्हणाला, "तसं नाही काका, सिस्टीमच घेत नाही." 'सिस्टीम' नावाची ही जी अदृश्य सत्ता आहे, तिचे फर्मान किती कायदेशीर, याची शहानिशा करण्याची इच्छा मला तेव्हापासून झाली.

'हमी' आणि 'जामीन' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरात आले, आणि दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आहे: कोणीतरी कशाची तरी जोखीम स्वतःच्या शिरावर घेतो. मोटारीचे हमीपत्र म्हणजे उत्पादकाने दिलेली अशी कबुली की, अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटरपर्यंत द्रव्यातील वा घडणावळीतील दोषामुळे काही बिघडले तर ते आम्ही विनामूल्य दुरुस्त करू अथवा बदलून देऊ. या कबुलीला अपवाद असणे स्वाभाविक आहे. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपर यांची झीज तिच्यात येत नाही. टायर आणि बॅटरी यांची हमी बहुधा त्यांचे त्यांचे उत्पादक देतात. आणि वाढीव पैसे भरून घेतलेली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' हा तर स्वतंत्र करार असून त्याची कलमे निराळी वाचावी लागतात. परंतु अपवाद निराळा आणि मालकाने आपल्याशी एकनिष्ठ राहावे ही अट निराळी. घरमालकाने भाडेकरूस, किराणा माल अमुकच दुकानातून न भरल्यास छप्पर गळले तरी डागडुजी करणार नाही, असे बजावावे, त्यातलाच हा प्रकार.

या प्रश्नाचा देशातील सर्वांत मोठा निवाडा झाला तो दिल्लीस, पण त्यातील पक्षकारांची यादी वाचताना पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने प्रवास चालला आहे असे वाटावे. २०११ च्या जानेवारीत एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गुदरली. तीत आरंभी होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट ही तीनच नावे होती, आणि आरोप असा की, या कंपन्या सुटे भाग व दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाला हतबल होतो व ग्राहक कंपनीच्या दारी बांधला जातो. चौकशी सुरू होताच ध्यानात आले की हा तिघांचा दोष नसून साऱ्या धंद्याचीच ही रीत आहे, आणि मग चौकशीचे जाळे इतरांवरही टाकण्यात आले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांपैकी पिंपरीची टाटा मोटर्स, चाकणच्या महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, तळेगावची जनरल मोटर्स आणि रांजणगावची फियाट अशा निदान सहांचे कारखाने एकट्या पुणे जिल्ह्यात होते, आणि एकट्या टाटा मोटर्सच्या वाट्याला १,३४६.४६ कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक दंड आला होता. सहांची बेरीज केली तर ती सुमारे १,७८० कोटी भरते. पुढच्याच वर्षी ह्युंदाईला वेगळ्या आदेशाने ४२० कोटींचा दंड झाला. आणि नियतीचा विनोद पाहा, जनरल मोटर्स देश सोडून गेल्यावर तिचा तळेगावचा कारखाना २०२३ मध्ये विकत घेण्याचा करार केला तो याच ह्युंदाईने.

आयोगापुढे कंपन्यांनी केलेला युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. ग्राहक मोटार घेतो तेव्हाच पुढील देखभालीचा खर्च हिशेबात धरतो, सबब मोटार आणि तिचे सुटे भाग मिळून एकच बाजार आहे. या बाजारात आमच्यापैकी कोणाचीही मक्तेदारी नाही, कारण महागडे भाग विकणाऱ्याची मोटारच कोणी घेणार नाही. आयोगाने तो नाकारला, आणि नाकारताना जे कारण दिले ते मोटार घेतलेल्या कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला पटेल. दहा वर्षांत किती वेळा क्लच जाईल, दिवा फुटेल, सेन्सर निकामी होईल आणि त्यांचे दर तेव्हा काय असतील, याचा हिशेब शोरूममध्ये बसून सामान्य माणूस मांडू शकत नाही. आणि एकदा सात-आठ लाख गुंतवून मोटार दारात उभी राहिली की तिचा भाग महाग म्हणून तो मोटार बदलू शकत नाही. म्हणजे खरेदीपूर्वी राजा असलेला ग्राहक खरेदीच्या दुसऱ्या दिवशी बंदिवान होतो. प्रत्येक कंपनीच्या मोटारीचे सुटे भाग हा म्हणूनच स्वतंत्र बाजार, आणि त्यात ती कंपनी सर्वसत्ताधीश. बौद्धिक संपदेचे संरक्षण म्हणून पुरवठादारांवर घातलेली बंदीही आयोगाने मान्य केली नाही. भोसरीतल्या ज्या व्हेंडरला स्वतः घडविलेला भाग स्वतःच्या नावाने विकण्याची मुभा करारनाम्याने नाकारली होती, त्याच्याही बाजूने हा निवाडा होता, ही गोष्ट वृत्तपत्रांतील दंडाच्या आकड्यांखाली दडून गेली.

हमीविषयी आयोगाने दिलेला निर्देश मात्र प्रत्येक मोटारमालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. त्याचा आशय असा: बाहेरच्या दुरुस्तीकाराची सेवा घेतली एवढ्याच कारणावरून हमी रद्द होईल, अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये, सुरक्षितता व दायित्व यांच्या दृष्टीने आवश्यक ती खबरदारी त्यांनी जरूर घ्यावी, परंतु बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थिती तसे स्पष्टपणे दर्शवीत असेल तेव्हाच, हमी नाकारावी. 'तेवढ्यापुरतीच' या एका शब्दात साऱ्या वादाचा निकाल आहे. हमीचे बंधन कारणाशी आहे, वेष्टनाशी नाही.

पुढे हे प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत गेले. टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याबाबतीत अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दोष कायम ठेवला, पण दंडाचे माप सुट्या भागांच्या उलाढालीपुरते खाली आणले. इतर काही कंपन्यांनी स्पर्धा कायद्याच्या वैधतेलाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि तेथे १० एप्रिल २०१९ रोजी आयोगाच्या अध्यक्षांच्या निर्णायक मताचे कलम रद्द होऊन बाकीचा कायदा बहुतांशी टिकून राहिला. वाचकांनी एवढे समजून असावे की या आदेशातील दंड सरकारच्या तिजोरीसाठी आहे, ग्राहकाच्या खिशात त्यातला एक पैसाही पडत नाही, आणि केवळ आदेशाची प्रत दाखविली म्हणून काउंटरवरचा माणूस कॉम्प्रेसर बदलून देत नाही. तरीही एका अधिकारी संस्थेने सविस्तर कारणे देऊन मांडलेले तत्त्व म्हणून त्याचे वजन मोठे आहे. अमेरिकेने हेच तत्त्व १९७५ साली मॅग्नुसन-मॉस या कायद्यात घातले. अमुकच नावाचा भाग वापरला पाहिजे अशी अट हमीला जोडायची असेल तर तो भाग फुकट द्या, नाहीतर सरकारी आयोगाची खास परवानगी आणा, असा त्याचा रोखठोक मथितार्थ आहे. आपल्याकडे असे स्वतंत्र कलम अद्याप झालेले नाही, ही उणीवच म्हणावयाची.

कारण आणि कार्य यांचा हा संबंध व्यवहारात कसा पाहावयाचा, हे मात्र यंत्राच्याच भाषेत समजून घेतले पाहिजे, आणि येथे ग्राहकाच्या बाजूनेही थोडी कबुली द्यावी लागेल. हॉर्न किंवा जादा दिवे बसविताना मूळ तार कापून, चिकटपट्टी गुंडाळून जोड दिला असेल आणि पुढे त्याच मंडलातील फ्यूज, रिले वा संगणकीय नियंत्रक जळाला, तर कंपनीने हात वर केले म्हणून तिला दोष देता येत नाही. तेच काम तार न कापता कप्लरने केले असेल तर तिची बाजू लंगडी पडते. मोठ्या मापाचे टायर चढविले आणि चाकाचे बेअरिंग वाजू लागले, तर संबंध उघड आहे. पण त्याच टायरांकडे बोट दाखवून दाराच्या खिडकीची मोटर नाकारणे हा निव्वळ कांगावा. इंजिन ऑइलच्या बाबतीत लोकांची गफलत अधिक होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा जो फिल्टर आला, त्याला कमी राख सोडणारे विशिष्ट प्रतीचेच तेल लागते. ते सोडून स्वस्तातले जुन्या धाटणीचे तेल भरल्यास राख साचून तो फिल्टर तुंबतो, आणि त्याची किंमत ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून डब्यावरील प्रत आणि हमीपुस्तिकेतील प्रत एकच आहे काय, हे पाहावयाचे. डब्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे हा मुद्दा गौण. सीटला घट्ट कव्हर चढविण्यापूर्वी सीटच्या कुशीत एअरबॅग आहे काय हे पाहावे, कारण ती शिवण उसवूनच बाहेर येते, आणि तेथे प्रश्न हमीचा न राहता जिवाचा होतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांत काटकसर करू नये, हे माझे प्रांजळ मत आहे. तत्त्वाचा आग्रह घाटात धरावयाचा नसतो.

सीएनजीचे किट ही तर आपल्या भागातील नित्याची गोष्ट. पेट्रोलच्या दराला कंटाळून चाकणला कामावर जाणारा माणूस बाहेरून किट बसवितो आणि मग पंपावरच्या रांगेत उभा राहतो. येथे तीन निरनिराळी बंधने एकत्र येतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. किट एआरएआयसारख्या अधिकृत चाचणीसंस्थेने मान्य केलेल्या नमुन्याचे असावे लागते, आणि एमएच-१४ च्या आरटीओ कार्यालयात जाऊन नोंदणीपुस्तकात इंधनाची नोंद करून घ्यावी लागते. विमा कंपनीस कळवावे लागते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करावी लागते. वायूचे ज्वलन कोरडे असल्याने पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठकी लवकर झिजू शकतात. तेव्हा इंजिन व इंधनव्यवस्था यांच्यापुरती हमी गेली तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. तथापि त्याच गाडीचा रंग उडाला, पॉवर स्टिअरिंग रुसले, तर तेवढा हक्क शाबूत आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेला बाध आणणारे बदल नामंजूर केले, तेव्हापासून चाकांच्या कमानी वाढविणाऱ्या हौशी मंडळींची पंचाईत झाली आहे. पुढे लावावयाच्या लोखंडी गार्डांवर तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारने हरकत घेतली होती. सुटा भाग बदलणे आणि गाडीची रचना बदलणे यांतील हा भेद कंपनी काउंटरवर सांगत नाही, आणि गॅरेजवालाही सांगत नाही.

वाद झालाच तर तो कागदावर आणावा. 'वॉरंटी व्हॉइड' हे तोंडी वाक्य म्हणजे वाऱ्यावरची वरात. जॉब कार्डावर बिघाड कोणता, नाकारण्याचे कारण कोणते, हमीपत्राचे कलम कोणते, आणि बाहेरच्या भागामुळेच तो बिघाड झाला हे कशावरून ठरविले, एवढे लिहून मागावे. जो अपवादाचा आधार घेतो त्याने तो सिद्ध करावा, हे तत्त्व विम्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे आणि ते येथेही लावता येण्यासारखे आहे. ग्राहकानेही आपले दप्तर नीट ठेवावयास हवे. भागाचे जीएसटी क्रमांकासह बिल, भागाचा क्रमांक, तेलाची प्रत, किलोमीटरचा आकडा, आणि जमल्यास काढलेला जुना भाग, हे जपून ठेवणाऱ्याच्या साक्षीला जो भाव येतो तो नुसत्या संतापाला येत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार करता येते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेल्या 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळावर मोटारीचे क्षेत्रही समाविष्ट आहे. त्याने न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तोही ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातला. मुदत दोन वर्षे. आणि फी ५ ते १० लाखांच्या गाडीस २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. चाचणीवाचून दोष ठरविता येत नसेल तर आयोग तो भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडू शकतो. हमीपत्राची अटच मुळात अन्यायकारक आहे असे म्हणावयाचे असल्यास मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही या कायद्याने ग्राहकच आहे. कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचा ताफा बाळगणारा कंत्राटदार मात्र सहसा नाही.

अखिल भारतीय ग्राहक पंचायत ही संस्था बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली काढली ती पुण्यातच, म्हणजे देशात ग्राहक संरक्षण कायदा होण्यापूर्वी एक तप. तेव्हाच्या सभांतून तेल, साखर, रॉकेल यांच्या मापांची चर्चा होत असे. आज त्याच शहराच्या उत्तरेस मोटारी घडविणारे, त्यांचे भाग घडविणारे आणि त्या हप्त्याने विकत घेणारे असे तिघेही एकाच सोसायटीच्या वाहनतळावर शेजारी शेजारी गाड्या लावतात. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त टूलमेकर, ज्यांचे सारे आयुष्य साचे घासण्यात गेले, ते मला म्हणाले, "अहो, मी ज्या डायवर काम केलं तिच्यातून सकाळी कंपनीचा माल निघायचा आणि रात्री बाजाराचा. डायला काय कळतंय?"

हे वाक्य मनात घोळवीतच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या काउंटरवर गेलो. आवाज न चढविता म्हटले की, हॉर्न कप्लरने बसविला आहे, त्याचे बिल हे. कॉम्प्रेसर हॉर्नमुळे गेला असे आपले मत असेल तर तेवढे कारणासह लिहून, सही-शिक्का करून द्यावे, माझी हरकत नाही. तरुण आत गेला. काचेपलीकडे एका वरिष्ठाशी बोलताना तो दिसत होता. एकदा दोघांनीही वळून माझ्याकडे पाहिले. पाऊण तासाने जॉब कार्ड बाहेर आले तेव्हा आदल्या दिवशीच्या 'रिजेक्टेड' या शेऱ्यावर आडवी रेघ होती आणि खाली 'इन्स्पेक्शन पेंडिंग' असे बारीक अक्षरांत लिहिले होते. चौथ्या दिवशी फोन आला. "काका, कॉम्प्रेसर आलाय. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन या, दुपारपर्यंत देतो." हॉर्नचा विषय त्यानेही काढला नाही, मीही काढला नाही.